लष्करातून निघालेलं प्रेमगीत

१९८०च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांवर एक गाणं सारखं वाजत होतं. 'लेट माय लव्ह ओपन द डोअर'. गाणारा पीट टाउनशेंड, म्हणजे 'द हू' या इंग्लिश बँडचा गिटारवादक आणि त्यांच्या बहुतेक गाण्यांचा कर्ता. स्टेजवर गिटार आपटून तिचे तुकडे करण्याबद्दल हा माणूस प्रसिद्ध होता. या गाण्यात मात्र आपटाआपटी अजिबात नाही. सिंथेसायझरची नाचरी सुरावट, तिच्यावर एकाच गळ्याचे थरावर थर चढवलेले आवाज, आणि तीन मिनिटं व्हायच्या आत सगळं आटोपतं. 'बिलबोर्ड'च्या यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. खुद्द इंग्लंडात ४६च्या वर सरकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे सिनेमावाल्यांनी ते उचललं, दुसऱ्या गायकांनी आपापल्या पद्धतीनं म्हटलं, आणि रॉकमधल्या गोड, निरुपद्रवी प्रेमगीतांत त्याची गणना होऊ लागली.

निरुपद्रवी वाटायला कारण आहे. कोणीतरी मन मिटून बसलंय, आणि दुसरं कोणीतरी बाहेरून सांगतंय की माझ्या प्रेमाला ते दार उघडू दे. मुलगा मुलीला म्हणतो असं समजा की काम झालं. पण टाउनशेंडनं मुलाखतींतून सांगून ठेवलंय की यातलं प्रेम ईश्वराचं आहे. बाहेर उभा राहून बोलणारा तो, आणि आत कडी लावून बसलेले आपण. टाउनशेंडच्या ईश्वराला तर नाव होतं, जन्मतारीख होती आणि जन्मगावही होतं. मेरवान शेरियार इराणी, म्हणजे पुढचे मेहेरबाबा, २५ फेब्रुवारी १८९४, ससून हॉस्पिटल, पुणे.

पुण्यातून काय काय जगात गेलं याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. सवाई गंधर्व महोत्सवापासून बाकरवडीपर्यंत कशाकशाचा अभिमान बाळगायचा हे ठरलेलं आहे. त्या यादीत हे गाणं कोणी धरत नाही. त्यात लष्कराचा, म्हणजे आपल्या कॅम्पाचा, थोडा दोष आहे. पेठांतल्या पुण्यानं कॅम्पाला नेहमीच पाहुण्यासारखं वागवलं. कॅम्पात घडलेलं ते 'आपलं' नव्हे, इंग्रजी शाळा, पारशी-इराणी, केक आणि बिस्किटं एवढ्यावर विषय संपतो. त्यामुळे एका रॉक गाण्यातला 'मी' कॅम्पातल्या मोहल्ल्यात वाढला, ही बातमी पेठांत फारशी आलीच नाही.

०००

मेरवानचं घर बटलर मोहल्ल्यात होतं. त्या घराला 'भोपळा घर' म्हणत. मेहेरबाबांच्या इंग्रजी चरित्रांत ते 'पम्पकिन हाउस' म्हणून येतं. नंतर कुटुंब जवळच्याच दुसऱ्या घरात गेलं. तो रस्ता आज दस्तूर मेहेर रोड म्हणून ओळखला जातो. वडील शेरियार हे इराणातून आलेले झरतुष्ट्री, तरुणपणी ईश्वराच्या शोधात वर्षानुवर्षं भटकलेले. मुलगा सेंट व्हिन्सेंट्समध्ये शिकला आणि मग डेक्कन कॉलेजात दाखल झाला. हे जुनं डेक्कन कॉलेज, येरवड्याच्या बाजूचं. कॅम्पातून तिथे तो सायकलवरून जायचा.

वाटेत चार बावडी लागायची. माल्कम टँक रोडवर कडुनिंबाच्या झाडाखाली हजरत बाबाजान नावाच्या पठाण वृद्धा बसत. घरदार सोडून आलेल्या, वयाचा अंदाज लागू नये अशा. ऊन-पावसात त्या झाडाखालीच राहिल्या. भोवती गर्दी होई, आणि भर रस्त्यावरच्या त्या गर्दीनं कँटोन्मेंटच्या अधिकाऱ्यांची डोकेदुखी वाढे. १९१३च्या मे महिन्यात बाबाजाननी सायकलवरून चाललेल्या या कॉलेजकुमाराला खुणेनं जवळ बोलावलं. मग तो रोज जाऊ लागला. बोलणं जवळपास नव्हतंच, नुसतं बसणं. १९१४च्या जानेवारीत एका संध्याकाळी बाबाजाननी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि मुलगा घरी जाऊन जो पडला तो कित्येक महिने भानावर आला नाही. आई शिरीनबानूंची काय अवस्था झाली असेल? कॉलेजात जाणारा हुशार मुलगा, आणि रस्त्यावरच्या फकिरणीनं त्याचं हे करून ठेवलं. शिरीनबानू बाबाजानकडे जाऊन जाब विचारत, असं चरित्रकार सांगतात.

बाबाजान १९३१ साली गेल्या आणि त्याच जागी त्यांचा दर्गा झाला. आज तो भर वस्तीत आहे. एका बाजूनं रिक्षा आणि टेम्पो हॉर्न देत जातात, दुसऱ्या बाजूला दुकानांची शटरं. पायरीवर चपला काढताना पाठीमागून दुचाकी घासून जाईल की काय अशी धास्ती वाटते. आत फुलांची चादर, उदबत्तीचा वास, आणि दोन मिनिटं डोकं टेकवून पुन्हा कामाला पळणारी माणसं. हिंदू, मुसलमान, पारशी असा फरक तिथे कोणी करत नाही. परदेशी मेहेरप्रेमी अधूनमधून दिसतात. शेजारच्या दुकानदारांना त्यांची सवय झालेली आहे, 'बाबाजान?' एवढं विचारलं की हात आपोआप दिशा दाखवतो.

या सगळ्यात गाण्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मेरवानला आवाज होता. तो गायचा, 'हुमा' या तखल्लुसनं गझला लिहायचा, हाफिज हा त्याचा लाडका कवी. पुढे काही काळ, १९२०च्या सुमारास, बेहरामजी नावाच्या मित्राबरोबर त्यानं कसबा पेठेत ताडीचं दुकान चालवलं. कसब्यात, ग्रामदैवताच्या शेजारात! गिऱ्हाइकांना 'कमी प्या' असं सांगणारा ताडीवाला म्हणून चरित्रांत त्याचं वर्णन येतं. धंद्याच्या दृष्टीनं हे धोरण फारसं बरं नव्हे. पण हाफिज डोक्यात असलेल्या माणसाला दारू, पेला आणि साकी या गोष्टी दुकानात एका अर्थानं आणि गझलेत दुसऱ्या अर्थानं भेटत असणार. साठ वर्षांनी टाउनशेंडनं आपल्या अल्बमला 'एम्प्टी ग्लास', रिकामा पेला, असं नाव दिलं तेव्हा तो याच परंपरेतून बोलत होता. पेला रिकामा असेल तरच साकी भरील.

यानंतरचा प्रवास थोडक्यात. साकोरीचे उपासनी महाराज, शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा यांच्याशी आलेला संबंध, मेरवानचे 'मेहेरबाबा' होणं, नगरजवळ अरणगावच्या माळावर मेहेराबादची वसाहत. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत, १९५४नंतर फळीही टाकली आणि नुसत्या हातांच्या खुणा राहिल्या. त्यांनी स्वतःला अवतार म्हणवलं. ते ज्याला पटलं त्याला पटलं. पॉल ब्रंटननं १९३४च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांची चांगलीच खिल्ली उडवली होती. तो वाद या लेखाचा विषय नाही.

०००

मौनात असलेला माणूस गाणी मात्र भरपूर ऐकायचा. पुण्यात बंड गार्डन रस्त्यावर बडोद्याच्या महाराणी शांतादेवींचा 'गुरुप्रसाद' बंगला होता. उन्हाळ्यात बाबांचा मुक्काम तिथे असे. कव्वाल यायचे, भजनं व्हायची, गझला व्हायच्या. १९६२च्या नोव्हेंबरात पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अनुयायांचा मोठा मेळावा याच बंगल्यात झाला. आता तो बंगला उरलेला नाही.

कव्वालीच्या जोडीला बाबांना दोन इंग्रजी गाणी अतिशय आवडायची, आणि ती दोन्ही प्रेमभंगाची आहेत. पहिलं जिम रीव्हजचं 'देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी', १९६४चं. जिम रीव्हज हा अमेरिकन कंट्री गायक आपल्याकडे ज्या घरांत पोहोचला तिथे घरचाच होऊन गेला. पुण्याच्या कॅम्पात, वांद्र्यात, गोव्यात, जिथे म्हणून रेकॉर्डप्लेअर आणि ख्रिसमस होता तिथे त्याची एखादी तबकडी हमखास असे. मखमली आवाज, संथ लय, आणि दुःखसुद्धा शेजाऱ्याची झोपमोड होणार नाही अशा बेतानं सांगायची रीत. गाण्यातला माणूस म्हणतो की हृदयातली कळ माझा पाठलाग सोडत नाही. बाबांचं शरीर तेव्हा खरंच कळांनी भरलेलं होतं. १९५२मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात आणि १९५६मध्ये साताऱ्याजवळ असे मोटारीचे दोन भीषण अपघात होऊन गेले होते. दुसऱ्यात खुबा निकामी झाला. पण अनुयायी ते गाणं शारीरिक दुखण्याचं मानत नाहीत. साऱ्या जगाची कळ ज्याच्या मागे लागली आहे अशा प्रियकराचं ते गाणं, असं ते समजतात. जिम रीव्हजला हे स्वप्नातसुद्धा आलं नसणार. १९६४च्या जुलैमध्ये तो विमान अपघातात गेला. इंग्लंडात हे गाणं गाजलं ते त्यानंतर.

दुसरं 'बिगिन द बिगीन'. कोल पोर्टरनं १९३५च्या 'ज्युबिली' या संगीतिकेसाठी लिहिलेलं. बिगीन हा कॅरिबियन बेटांवरचा नाच. तो नाच वाजायला लागला की हरवलेल्या प्रेमाची आठवण अंगावर येते, म्हणून बोलणारा आधी म्हणतो वाजवू नका, आणि शेवटी म्हणतो वाजवा. तेव्हाची लोकप्रिय गाणी बहुधा ३२ बारांची असत. पोर्टरचं हे गाणं १०८ बारांचं. आपल्या माणसाला हा आकडा दिसला की हात जपमाळेकडे जातो. यात दैवी काही नाही, पोर्टरला जपमाळेशी कर्तव्य नव्हतं. पण हा योगायोग मला सोडवत नाही. एवढं लांब गाणं चालणार नाही असंच रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. १९३८ साली आर्टी शॉनं ते क्लॅरिनेटवर वाजवलं, तेव्हा तबकडीच्या मागच्या बाजूला ढकललं गेलं. पुढच्या बाजूला होतं 'इंडियन लव्ह कॉल', ज्यातले इंडियन आपण नव्हेत. लोकांनी तबकडी उलटी केली आणि मागची बाजूच गाजली. त्यानंतर एला फिट्झजेराल्डपासून हुलिओ इग्लेसिआसपर्यंत कोणी ते सोडलं नाही. इग्लेसिआसच्या स्पॅनिश अवतारानं १९८१मध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला.

बाबांनी सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर हे गाणं वाजवा. १९६९च्या फेब्रुवारीत मेहेराबादच्या टेकडीवर, समाधीत देह ठेवलेला असताना, ते वाजवण्यात आलं. अरणगावच्या माळावर, नगर जिल्ह्याच्या उन्हात, ब्रॉडवेच्या नाटकातलं नाचाचं गाणं. अंत्यसंस्काराच्या वेळी असलं काही ऐकायची सवय त्या गर्दीतल्या शेतकऱ्यांना नसावी. पण 'बाबांनी सांगितलंय' म्हटल्यावर विषय मिटला.

०००

टाउनशेंडनं मेहेरबाबांना कधी पाहिलं नाही. चित्रकार मित्र माइक मॅकइनर्नीनं १९६७च्या सुमारास त्याला त्यांच्याबद्दल सांगितलं. तो काळ लंडनमध्ये एलएसडीचा. बाबांनी तर १९६६मध्येच 'गॉड इन अ पिल?' हे पत्रक काढून गोळीतून देव मिळत नाही असं बजावलं होतं. टाउनशेंडनं एलएसडी सोडलं. 'टॉमी' हा त्याचा प्रचंड गाजलेला रॉक ऑपेरा १९६९च्या मेमध्ये बाजारात आला. त्याच्या वेष्टनावर 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलं आहे. बाबा जाऊन तेव्हा चार महिने होत आले होते. म्हणजे ज्याच्यासाठी टाउनशेंडनं पुढची दहा-पंधरा वर्षं गाणी लिहिली, त्यानं त्यातलं एकही ऐकलं नाही.

म्हणून बहुधा त्यानं सुरुवात बाबांनी ऐकलेल्या गाण्यांपासून केली. १९७०च्या फेब्रुवारीत, बाबांच्या जन्मदिवसासाठी, त्यानं 'हॅपी बर्थडे' नावाची तबकडी काढली, फक्त अनुयायांमध्ये वाटण्यापुरती. तीत 'बिगिन द बिगीन' आहे. गिटार फोडणारा हा मनुष्य कोल पोर्टर म्हणतो तेव्हा आवाज जपून टाकतो, पाहुण्यांसमोर गायला बसवलेल्या मुलासारखा. तांत्रिक दृष्ट्या मोठं गाणं नाही ते. पण बाकीच्या सगळ्यांनी हे गाणं ऐकणाऱ्यांना रिझवायला म्हटलं होतं. यानं एका विशिष्ट माणसाला आवडायचं म्हणून म्हटलं, तेही तो माणूस गेल्यावर. दुसरं कुठलंही 'बिगिन द बिगीन' मी याच्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेलं नाही, आणि त्यात एला फिट्झजेराल्ड आली, हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो.

खासगी तबकडी खासगी राहिली नाही. अमेरिकेत तिच्या चोरट्या प्रती निघाल्या आणि चढ्या भावानं विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा कंपनीच्या आग्रहावरून १९७२च्या ऑक्टोबरमध्ये रीतसर अल्बम आला, 'हू केम फर्स्ट'. मुखपृष्ठावर टाउनशेंड पांढऱ्या बॉयलर सूटमध्ये अंड्यांवर उभा आहे. त्यात जिम रीव्हजचं गाणं आहे, आणि बाबांच्या 'परवर्दिगार' प्रार्थनेला लावलेली चालही. 'फेसेस' बँडचा रॉनी लेन हाही मेहेरप्रेमी, त्याचंही एक गाणं आहे. त्याच वर्षी टाउनशेंड मेहेराबादला येऊन समाधीपुढे उभा राहून गेला.

०००

आता 'बार्गेन'. १९७१च्या 'हूज नेक्स्ट' अल्बममधलं हे दुसरं गाणं. माझ्या लेखी बाबांना उद्देशून झालेलं रॉकमधलं सगळ्यात मोठं प्रेमगीत हेच. बोलणारा म्हणतो की तू मिळावास म्हणून मी होतं नव्हतं ते सगळं घालवीन, स्वतःलाही, आणि तरी सौदा स्वस्तच पडेल. स्वतःला हरवल्याशिवाय तो सापडत नाही हे बाबांच्या लेखनातलं मध्यवर्ती सूत्र. टाउनशेंडनं ते बाजाराच्या भाषेत आणलं. वारकऱ्याला यात काही नवं वाटणार नाही. देवाशी घासाघीस करायची, त्याला उधारीचा हिशेब विचारायचा, हे आपले संत कधीपासून करत आलेत.

टाउनशेंडनं आधी एकट्यानं केलेलं त्याचं कच्चं ध्वनिमुद्रण १९८३च्या 'स्कूप' संग्रहात आहे. ते ऐकलं तर गाणारा आर्जव करतोय हे कळतं. मग तेच गाणं रॉजर डॉल्ट्रीकडे गेलं. डॉल्ट्री हा 'द हू'चा गायक, छाती पुढे काढून गाणारा, मायक्रोफोनची वायर गोफणीसारखी फिरवणारा. त्याचा मेहेरबाबांशी काही संबंध नाही. मागे कीथ मून ड्रम्सवर तुटून पडलेला, जॉन एंटविसलचं बास पायाखालून गुरगुरतं. त्या दणक्यात डॉल्ट्री जेव्हा सर्वस्व देण्याची भाषा करतो तेव्हा समोर बाईच उभी आहे असं वाटतं, आणि बहुतेक श्रोत्यांना तसंच वाटलं. मधल्या कडव्यात दणका थांबतो आणि टाउनशेंडचा स्वतःचा बारीक आवाज येतो, एकटा, थोडा कापरा. तेवढ्या ओळींत पुन्हा देव दिसतो. लगेच डॉल्ट्री परत येतो आणि देव जातो. बँडनं स्वतःच्याच गाण्याचं केलेलं हे पहिलं कव्हर म्हणायचं. एकाच तबकडीत भक्त आणि प्रियकर पाळीपाळीनं गातात, शब्द तेच.

आपल्याकडे हा घोटाळा सहसा होत नाही, आणि त्याचं कारण कारागिरीत आहे. आपला कवी शेवटी सही करतो. अभंगाच्या अखेरच्या चरणात मुद्रा असते, गझलेच्या मक्त्यात तखल्लुस. ज्ञानेश्वरांच्या विराण्या घ्या. बोलणारी स्त्री, विरहानं व्याकुळ, चांदणं आणि चंदनसुद्धा तिला पोळतं. अर्ध्यापर्यंत निव्वळ प्रेमगीत. पण शेवटाला 'बापरखुमादेवीवरु' येतो आणि समोर विठ्ठल उभा राहतो. मग ती विराणी हृदयनाथांनी चालीत बांधली, लताबाईंनी गायली, रेडिओवर लागली, हॉटेलात चहा पिताना कानावर पडली, तरी पत्ता बदलत नाही. सातशे वर्षांत किती गळ्यांतून गेली असेल, पण आतली सही पुसता आली नाही. 'हुमा' गझल लिहायचा तो याच शिस्तीत.

रॉकच्या गाण्याला मुद्रा नसते. नाव वेष्टनावर छापतात, चालीत घालत नाहीत. म्हणून गाणं वेष्टनातून बाहेर पडलं की मोकाट सुटतं. जो गाईल त्याचं आणि ज्याच्याकडे बघून गाईल त्याला उद्देशून. 'बार्गेन' पुढे निसान मोटारींच्या जाहिरातीत गेलं. सर्वस्व देऊन तुला मिळवीन, आणि सौदा स्वस्त! जाहिरातवाल्यांचं काय चुकलं? गाण्याच्या आत कुठेही लिहिलेलं नव्हतं की हे मोटारीबद्दल नाही.

०००

'हूज नेक्स्ट'चं पहिलं गाणं, 'बाबा ओ'रायली', प्रेमगीत नाही, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. एवढंच सांगतो की नावातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. सुरुवातीचा तो गरगरणारा आवाज लॉवरी ऑर्गनचा आहे, रायलीच्या शैलीतला. हा रायली १९७०मध्ये पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायचे, आणि त्यांच्या शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या, नावानं आपण दरवर्षी डिसेंबरात शाली पांघरून बसतो. म्हणजे गाण्याच्या नावाचा पहिला अर्धा कॅम्पातला आणि दुसरा अर्धा दूरच्या नात्यानं पेठांतला. पर्ल जॅम बँड आपल्या मैफली अनेकदा याच गाण्यानं संपवतो. समोरची हजारो पोरं ते तोंडपाठ म्हणतात. त्यातल्या किती जणांना बाबा कोण हे ठाऊक असेल?

०००

'लेट माय लव्ह ओपन द डोअर' लिहिलं गेलं तेव्हा टाउनशेंडची अवस्था चांगली नव्हती. कीथ मून सप्टेंबर १९७८मध्ये गेला होता. दारू वाढली होती, संसार उसवत होता. ३ डिसेंबर १९७९ला सिनसिनाटीत 'द हू'च्या कार्यक्रमाआधी बंद दारांपाशी गर्दी रेटली आणि ११ जण चेंगरून मेले. चार महिन्यांनी, एप्रिल १९८०मध्ये, 'एम्प्टी ग्लास' आला. गाण्याचा त्या दुर्घटनेशी संबंध जोडू नये. पण हे माहीत झाल्यावर त्यातलं दार पूर्वीइतकं हलकं राहत नाही.

याच अल्बममधल्या 'अ लिटल इज इनफ' या गाण्यामागची हकिकत टाउनशेंडनं सांगितली आहे. बाबांचे चिटणीस अदी इराणी, नगरचे, त्याला भेटले असताना त्यांनी बायकोची चौकशी केली. तो म्हणाला, तिचं आता माझ्यावर फारसं प्रेम नाही. थोडं तरी आहे का? थोडं आहे. मग थोडं पुरे, अदींनी सांगितलं. नगरच्या वडीलधाऱ्या माणसानं दोन वाक्यांत केलेलं हे कौटुंबिक समुपदेशन लंडनच्या स्टुडिओत जाऊन गाणं झालं. खरं तर हे गाणं 'लेट माय लव्ह'पेक्षा सरस आहे असं मला वाटतं. ते तेवढं चाललं नाही.

चाललं ते दाराचं गाणं. 'लुक हूज टॉकिंग'सारख्या हलक्याफुलक्या सिनेमांनी ते वापरलं. १९९६च्या आपल्या निवडक गाण्यांच्या संग्रहात टाउनशेंडनं त्याचा संथ अवतार दिला, 'ई. कोला मिक्स' या विचित्र नावाचा. नाचरा सिंथेसायझर मागे गेला, आवाज पुढे आला, आणि जे गाणं आश्वासन देत होतं ते एकदम विनवणी करायला लागलं. कर्त्यानंच आपलं गाणं सोळा वर्षांनी दुसऱ्या मनःस्थितीत म्हणून बघितलं. माझं मत या अवताराला.

आणि मग २००७चा 'डॅन इन रिअल लाइफ' हा सिनेमा. डॅन विधुर आहे, तीन मुलींचा बाप, वर्तमानपत्रात सल्ले देणारं सदर लिहितो. तो नेमका भावाच्या मैत्रिणीच्या प्रेमात पडतो. सगळं कुटुंब समुद्रकाठच्या घरात जमलंय, संध्याकाळी घरच्यांचे कलागुणदर्शन. भाऊ उठतो, मैत्रिणीला हे गाणं म्हणून दाखवणार, आणि डॅनला गिटारवर साथीला घेतो. डॅन झालेला स्टीव्ह करेल मान खाली घालून तारा छेडतो. भाऊ झालेला डेन कुक मजेत, थोडा मिरवत गातो. मैत्रीण झालेली ज्यूलिएट बिनोश समोर बसलीय, चेहऱ्यावर यजमानांना बरं वाटावं असं हसू. मग एका कडव्याशी भाऊ थांबतो आणि डॅन गायला लागतो. आवाज काही खास नाही, तयारी तर नाहीच. पण तो मान वर करून तिच्याकडे बघतो, आणि तिचं हसू थांबतं. खोलीतल्या बाकीच्यांना पत्ताही नाही. तेच शब्द, तीच चाल, तीच बाई. एका मिनिटापूर्वी भावाचं असलेलं गाणं आता याचं झालं. कव्हर म्हणजे काय असतं हे इतकं नेमकं दाखवणारा दुसरा प्रसंग मला सिनेमात आठवत नाही. त्या चित्रपटाचं संगीत नॉर्वेच्या साँड्रे लेर्शेचं. त्यानंही हे गाणं स्वतः गाऊन संगीतसंचात ठेवलंय, मोकळं, ताजं, कुठल्याही देवाच्या आणि दुःखाच्या ओझ्याशिवाय. ऐकायला छान आहे. पण मला मात्र त्यात दाराबाहेर कोणी उभं असल्याची चाहूल लागत नाही.

बॉबी मॅकफेरिनचं 'डोंट वरी, बी हॅपी' यात का नाही, असं कोणी विचारेल. १९८८मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते गाणंसुद्धा मेहेरबाबांच्या भित्तिपत्रकावरच्या वाक्यातून आलं. ते वाक्य आता मगवर, टी-शर्टवर, ट्रकच्या मागे सगळीकडे आहे. पण ते प्रेमगीत नाही, उपदेश आहे.

ज्याला हे सगळं कानांनी पडताळायचं असेल त्यानं माझ्या मते क्रम असा धरावा. आधी 'स्कूप'मधलं 'बार्गेन', मग लगेच डॉल्ट्रीचं, आणि मधल्या कडव्याशी आवाज वाढवायचा. त्यानंतर १९८०चं दाराचं गाणं आणि त्याच्या पाठोपाठ ई. कोला. करेलचा प्रसंग बघायचा, नुसता ऐकून उपयोग नाही. 'अ लिटल इज इनफ' यात कुठेही बसवा. जिम रीव्हज आणि टाउनशेंड यांचं 'हार्टएक' एकापुढे एक लावू नका, जिम रीव्हज सहज जिंकतो. 'बिगिन द बिगीन' मात्र आधी आर्टी शॉचं वाजवा, कारण ते १०८ बार एकदा नाचाच्या लयीत अंगात भिनले की टाउनशेंड त्यांत कुठे कुठे अडखळतो ते बरोबर कळतं.